केतकीच्या हातची बिस्किटं

कॅन्सरमधून बरं झालेल्या लोकांनी लिहिलेलं मी उपचार चालू असताना पुष्कळ वाचलं. ओळखीच्या बायका मोबाईलवर पाठवायच्या, सून छापून आणायची. त्यातले सगळे शूर होते. हसत हसत सलाईन लावून घेणारे, शेजारच्या पेशंटला धीर देणारे. ते वाचून मला धीर यायच्या ऐवजी चीड यायची, कारण मी तशी नव्हते. मी घाबरट होते, आणि त्याहून वाईट म्हणजे खोटं बोलत होते. माझ्यासारखी आणखी कुणी असेल, तर तिच्यासाठी हे लिहिते आहे. शूरांसाठी लिहिणारे भरपूर आहेत.

आधी ओळख. उज्जैनच्या सरकारी शाळेत मी तीस वर्षं गणित शिकवलं. रिटायर होऊन तीन वर्षं झाली होती. यजमान त्याआधीच गेले. नानाखेड्याच्या बाजूला कॉलनीत आमचं घर आहे. घरात मी, मुलगा मंदार आणि सून केतकी. मंदार औषधांच्या कंपनीत आहे, आठवड्यातले चार दिवस रतलाम-मंदसौरकडे फिरतीवर असतो. केतकी एका खाजगी शाळेत विज्ञान शिकवायची. "शिकवायची" असं लिहावं लागतंय याचं कारण मी आहे. ते पुढे येईल.

रिपोर्ट

छातीत गाठ हाताला लागली ती मी दोन महिने कुणाला सांगितली नाही. सुनेला काय सांगायचं, मुलाला कसं सांगायचं, या संकोचात दोन महिने गेले. शेवटी कपडे बदलताना केतकीने पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून मला डॉक्टरकडे नेलं. तिथून इंदूर, तपासण्या, आणि मग रिपोर्ट.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी रिपोर्ट मंदारच्या हातात दिला. मी म्हटलं, "मला द्या. आकडे मला जास्त कळतात." त्यांनी दिला. मी तो वरपासून खालपर्यंत दोनदा वाचला आणि मला एक अक्षर कळलं नाही. तरी मान हलवली. वर्गात पोरं अशी मान हलवायची तेव्हा मी लगेच ओळखायची.

परत येताना गाडी मंदार चालवत होता. उज्जैन आल्यावर मी मंदारला म्हटलं, "टावर चौकात थांबव, घरात दूध नाहीये." तो म्हणाला, "आई, मी आणतो न नंतर." मी हट्टाने उतरले. दूध घेतलं, कोथिंबीर घेतली, कोथिंबीरवाल्याशी दोन रुपयांवरून वाद घातला. तो माणूस कंटाळून म्हणाला, "ले जाओ माताजी, ऐसे ही ले जाओ." फुकटची जुडी हातात घेऊन मी गाडीत बसले आणि तेव्हा मला पहिल्यांदा रडू आलं. केतकीने जुडी माझ्या हातातून काढून घेतली आणि हात धरून ठेवला.

काटा

ऑपरेशन झालं, महिन्याभराने केमो सुरू झाली. दर तीन आठवड्यांनी इंदूर. सकाळी सहाला निघायचं, आठला नंबर लावायचा. आत गेल्यावर आधी वजनकाटा. काट्यावर उभं राहिल्याशिवाय पुढे काही होत नाही. मग रक्ताचा रिपोर्ट बघतात, मग खुर्ची मिळते. एका ओळीत दहा-बारा आरामखुर्च्या, प्रत्येकीत एक माणूस आणि त्याच्या डोक्यावर एक बाटली. समोर टीव्ही चालू, आवाज बंद. तिथली मोठी सिस्टर शीर शोधायची आणि म्हणायची, "अम्मा, मुट्ठी बंद." मी मूठ आवळायची आणि पाढे म्हणायची. सतराचा पाढा संपेपर्यंत सुई आत गेलेली असायची.

केस गेले त्याचं मला एवढं वाटलं नाही. पहिल्या केमोनंतर तीन दिवस उलट्या झाल्या, त्याचंही नाही. आहार सांगणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "प्रोटीन कमी पडून चालणार नाही. अंड्यातलं पांढरं खा रोज." मी नाक वर करून सांगितलं, "आमच्या घरात अंडं येत नाही." त्या बाईंनी केतकीकडे पाहिलं. केतकी म्हणाली, "ठीक आहे मॅडम, मी काहीतरी दुसरं बघते."

दुसरं म्हणजे काय, ते बघायचं काम तिच्या गळ्यात पडलं आणि मी मोकळी झाले.

ओट्स

लग्नात आलेला छोटा ओव्हन आमच्याकडे कपाटावर पडून होता. केतकीने तो खाली काढला. पनीर मला बघवत नव्हतं, डाळीच्या वासाने मळमळायचं, डॉक्टरांनी दिलेली प्रोटीनची पावडर दुधात घातली की मी ग्लास सरकवायची. तेव्हा हे सगळं कोरडं करून, लहान लहान तुकड्यांत, येता-जाता तोंडात टाकता येईल असं द्यायचं, ही तिची कल्पना.

ती ओट्स कढईत कोरडे भाजायची. निम्मे मिक्सरमध्ये फिरवायची, निम्मे तसेच ठेवायची. त्यात फुटाण्याच्या डाळ्यांचं पीठ, शेंगदाण्याचं कूट, दुधाची पावडर आणि डॉक्टरांची ती पावडर. तूप अगदी बेताचं, कारण तेलकट मला पचत नव्हतं. त्याच्या जागी फडक्यात बांधून पाणी काढलेलं दही, फेटून हलकं केलेलं. गूळ, जायफळ, चिमूटभर मीठ. बुधवारी शाळेत जायच्या आधी एक घाणा आणि रविवारी दुपारी मोठा. घरभर भाजलेल्या ओट्सचा वास सुटायचा, निदान केतकी म्हणायची की सुटलाय. मला येत नव्हता.

दिवसाला सहा बिस्किटं, असा तिने हिशोब काढला होता. सहा खाल्ली की डॉक्टरांनी सांगितलेल्यातला बराच भाग पोटात जाणार. एका वहीत ती रोज लिहायची, आईंनी किती खाल्ली. संध्याकाळी शाळेतून आली की चप्पल काढता काढता विचारायची, "आई, झाली का सहा?"

मी म्हणायची, "झाली ग."

ती वही मी नंतर पाहिली. रोज सहा. एक दिवस पाच नाही, एक दिवस सात नाही. एखाद्या पोराने मला असा तक्ता आणून दाखवला असता, तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं.

जीभ

आता खरं काय होतं ते सांगते. दुसऱ्या केमोनंतर माझी चव गेली. गेली म्हणजे अगदी गेली. पाणी लोखंडासारखं लागायचं, भात ओल्या कागदासारखा. केतकीचं बिस्किट तोंडात घातलं की रेती चावल्यासारखं वाटायचं, आणि मागून तो लोखंडी स्वाद.

हे सांगायला काय हरकत होती? केमोच्या प्रत्येक पेशंटचं हेच होतं, सिस्टरने पहिल्याच दिवशी सांगितलेलं. पण मला ते तोंडातून काढवेना. आमच्या मराठी मंडळात कुठलंही जेवण असलं, की आमटी उतरवायच्या आधी मला हाक मारायची पद्धत होती. "मॅडम, जरा बघा हो." मी पळीतून चार थेंब तळहातावर घ्यायची आणि सांगायची, मीठ कमी आहे, गूळ अजून एक खडा. माझ्या जिभेचा मला गर्व होता, हे कबूल करते. छाती गेली, केस गेले, ते लोकांना सांगितलं. जीभ गेली हे सांगायची लाज वाटली. केतकीने पहिला घाणा समोर ठेवला आणि माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली, तेव्हा मी म्हटलं, "छान झालीत. जायफळ मस्त लागतंय."

जायफळ डब्यातून घेताना दिसलं होतं, म्हणून म्हटलं.

डबे

घरात आजारी माणूस असलं की शेजारपाजारचे डबे येतात. आमच्याकडे यायला लागले. शेजारच्या चौबे भाभी सगळ्यात आधी. त्या भुट्ट्याचा, म्हणजे मक्याच्या कणसांचा, कीस घेऊन आल्या, वर खोबरं-कोथिंबीर घालून. मग मागच्या गल्लीतल्या लतावहिनी, मंडळातल्या माझ्या मैत्रीण, त्यांची मऊ मुगाची खिचडी. ज्यांना मी बारा महिने काही ना काही पाठवायची, त्या आता मला पाठवत होत्या.

आणि डबा रिकामा परत करायचा नसतो. हे मला कुणी शिकवलं नाही, मी ते आईच्या हातात पाहिलं आणि सासूबाईंच्या हातात पाहिलं. काही नसेल तर चार दाणे साखर, पण डबा रिकामा जायचा नाही. चौबे भाभींचा डबा चार दिवस ओट्यावर धुऊन ठेवलेला होता. मला उभं राहून काही करायची ताकद नव्हती. साखर घालून पाठवायची म्हणजे "बिचारीकडून आता काही होत नाही" हे आपणच डब्यात भरून पाठवण्यासारखं. तेवढ्यात समोर केतकीची बरणी दिसली. मी आठ बिस्किटं काढली, डब्यात ठेवली, वर कागद घातला.

पहिल्यांदा ते एवढंच होतं. मला तरी तेव्हा तसंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी चौबे भाभी डोळे मोठे करून आल्या. "मैडमजी, ये आपने बनाए? इस हालत में?"

मी हसले. नाही म्हटलं नाही. फक्त हसले.

पुढच्या दोन महिन्यांत ती बिस्किटं सगळ्या गल्लीत फिरली. केतकी शाळेत, मंदार फिरतीवर, दुपारी घरात मी एकटी. कुणाचा डबा आला की माझ्या अंगात बळ यायचं. मी बरणी उघडायची. लतावहिनी लोकांना सांगायच्या, "केमो चालू आहे, तरी हातातून काम सुटत नाही हिच्या. नमस्कार करायला पाहिजे." हे माझ्या कानावर आलं की मी दोन दिवस उशीला नीट टेकून बसायची. आजारपणातलं माझं खरं टॉनिक ते होतं, आणि ते मी सुनेच्या बरणीतून चोरत होते.

याहून लाजिरवाणं पुढे आहे. चौबेजींना कवळी आहे. भाभी म्हणाल्या, "इनको थोड़े कड़क लगते हैं." संध्याकाळी केतकीने विचारलं, तर मी म्हटलं, "जरा कडक होतात ग, हिरड्यांना लागतं." केतकीला वाईट वाटलं. तोंड आलेलं असणार आईंचं, आपल्या कसं लक्षात आलं नाही, म्हणून तिने पुढच्या घाण्यात ओट्स अजून बारीक केले, दही दुप्पट वेळ फेटलं, शिजवलेला खजूर घातला, आणि बिस्किटं अशी हलकी केली की बोटांनी दाबली तर मोडावीत. लतावहिनींना साखरेचा त्रास. त्या म्हणाल्या गूळ कमी चालेल. मी केतकीला म्हटलं, "गोड जरा जास्त होतंय." तिने गूळ कमी केला.

दमून आलेली पोर ओव्हनसमोर उभी राहून दोन महिने चौबेजींच्या कवळीसाठी आणि लतावहिनींच्या साखरेसाठी बिस्किटं सुधारत होती. आणि मी पलंगावरून सूचना देत होते.

तो कॉरिडॉर

पाचव्या केमोच्या दिवशी काट्यावर उभी राहिले. सिस्टरने आकडा बघितला, जुना कागद बघितला, परत उभं केलं. वजन चांगलंच उतरलं होतं. रक्तातलं प्रोटीनही खाली गेलेलं. डॉक्टरांनी मला परत पाठवलं. "या स्थितीत औषध देता येणार नाही. दहा दिवसांनी बघू. घरी खाण्याकडे कोण लक्ष देतं?"

"मी," केतकी म्हणाली आणि तिने पर्समधून वही काढली. डॉक्टरांनी पानं उलटली. "एवढं खात असतील तर वजन उतरायला नको," म्हणाले आणि वही परत दिली.

बाहेर कॉरिडॉरमध्ये बाकांवर तीस-चाळीस माणसं. मंदारचा आवाज कधी चढत नाही. त्या दिवशी चढला.

"तू करतेस काय घरी? चार बिस्किटं करून ठेवली की झालं? आईने खाल्लं की नाही हे बघायला टाइम नाही तुला?"

"मी रोज विचारते, मंदार."

"विचारून काय होतं? वहीत सहा-सहा लिहून काय होतं? मी बाहेर असतो म्हणून तुझ्या भरोशावर सोडलं न आईला!"

बाकावरची माणसं बघत होती. मोठी सिस्टर दारात येऊन थांबली होती. केतकी माझ्याकडे वळली आणि अगदी हळू म्हणाली, "आई, तुम्ही खाता न?"

एक वाक्य बोलायचं होतं मला. एवढ्या वर्षांत किती पोरांना सांगितलं असेल, चूक झाली तर हात वर करून सांगा, मी मारणार नाही.

मी म्हटलं, "खाते ग. माझंच अंगी लागत नाही."

केतकीने वही पर्समध्ये ठेवली. मंदार गाडी काढायला गेला. मी बाकावर बसून राहिले, हातावरची चिकटपट्टी कुरतडत.

सुट्टी

त्या आठवड्यात केतकीने शाळेत अर्ज दिला. वर्षाच्या शेवटपर्यंत बिनपगारी सुट्टी. पुढच्या सत्रात तिला विज्ञानाची मुख्य करणार होते, त्याचा तिला किती आनंद झाला होता ते मला माहीत होतं. प्राचार्यांनी सांगितलं, एवढी लांब सुट्टी असेल तर जागा ठेवता येणार नाही. तिने तरीही अर्ज दिला. द्यायच्या आदल्या रात्री मला म्हणाली, "चुकलं माझं. मी समोर बसून खाऊ घालायला पाहिजे होतं."

तेव्हासुद्धा मी बोलले नाही. अर्ज अजून टेबलावर होता, तिने सही करायची होती. मी पाहिलं आणि कूस बदलली.

आता ती दिवसभर घरी. बशीत दोन बिस्किटं घेऊन समोर बसायची आणि मी संपवेपर्यंत उठायची नाही. रेती असो की लोखंड, मी गिळायची. बरणीला हात लावायची सोय राहिली नाही. डबे आले, की केतकी त्यात स्वतः काहीतरी घालून परत करायची, कधी पोहे, कधी फळ.

पाच-सहा दिवसांनी चौबे भाभी आल्या. मी पलंगावर, केतकी बाजूला खुर्चीवर. भाभी माझा हात धरून म्हणाल्या, "मैडमजी, तबीयत ज़्यादा बिगड़ गई क्या? इतने दिन से आपके बिस्कुट नहीं आए तो मैं घबरा गई. इनके तो चाय के साथ रोज़ के हो गए थे." मग केतकीकडे वळून, "बहू, तुम्हारी सास के हाथ में जादू है. कीमो में भी अपने हाथ से बनाके पूरे मोहल्ले को खिलाए. तुम भी सीख लो इनसे."

माझं पितळ असं उघडं पडलं. भाभींना कल्पनाही नव्हती, त्या आणखी दहा मिनिटं बसल्या, चौबेजींचं गुडघेदुखीचं सांगितलं, चहा घेतला. केतकीने त्यांना दारापर्यंत पोचवलं आणि आत आली.

ती काही बोलली नाही. कपबशा उचलल्या, विसळल्या आणि आपल्या खोलीत गेली. तिच्या त्या गप्प राहण्यानेच मला सगळं सांगितलं.

मंदार

संध्याकाळी ती एवढंच म्हणाली, "मंदारला तुम्ही सांगाल का मी सांगू?"

"मी सांगते."

शनिवारी तो आला. मी सांगितलं नाही. रविवारी त्याने माझ्या पायाला तेल चोळलं. तेव्हाही नाही. केतकीने दोन्ही दिवस परत विचारलं नाही. सोमवारी आम्ही इंदूरला गेलो. वजन दीड किलो वाढलं होतं, रक्त जेमतेम बरं होतं. डॉक्टर म्हणाले, आज देऊ. खुर्ची रिकामी व्हायची होती, म्हणून आम्ही बाहेर त्याच बाकांवर बसलो.

मंदार बायकोला म्हणाला, "बघ, लक्ष दिलं की होतं न."

हे ऐकल्यावर मला राहवेना. मी म्हटलं, आणि मोठ्याने म्हटलं, कारण मागच्या वेळी तो मोठ्याने बोलला होता, "मंदार, तिने पहिल्यापासून लक्ष दिलं. बिस्किटं मी खात नव्हते. मी लोकांच्या डब्यात भरून वाटत होते, मी केली म्हणून सांगत होते, आणि हिला खोटं सांगत होते. त्या दिवशी इथे तू हिला बोललास तेव्हा मला सगळं माहीत होतं."

दोन बाक पलीकडे एक म्हातारे गृहस्थ होते, ते पेपरात तोंड घालून बसले. मंदार माझ्याकडे बघत राहिला. मग उठला, पाण्याच्या मशीनपाशी गेला, पाणी न पिता परत आला आणि केतकीला म्हणाला, "सॉरी यार. सगळ्यांसमोर बोललो मी."

केतकी म्हणाली, "घरी बोलू." तेवढ्यात सिस्टरने माझं नाव पुकारलं.

मंदार पुढचे चार दिवस माझ्याशी कामापुरतं बोलला. त्याचा हक्क होता. चौबे भाभींना मी स्वतः फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, "हाय राम, तो हम बीमार के मुँह का खा गए?" आणि रडायला लागल्या. माझ्या पापाचं रडणं त्यांच्या वाट्याला आलं. तेव्हापासून त्या डबा देताना दारातच सांगतात, "खाली लौटाना, मैडमजी. कसम है." मी तो रिकामा परत करते. अजून हात जड होतो.

आता

उपचार संपून वर्ष होत आलं. चव हळूहळू परत आली, आधी आंबट, मग खारट, गोड सगळ्यात शेवटी. तोपर्यंत केतकीने जे समोर ठेवलं ते मी खाल्लं आणि "कसं लागलं" विचारलं की "काही लागत नाही, पण खाते" असं उत्तर दिलं. ती म्हणाली, "हे आधी सांगितलं असतं तर मी चवीच्या मागे लागलीच नसती. नुसती पावडर घालून गोळ्या वळून दिल्या असत्या." खरं आहे. म्हणून माझ्यासारखीला सांगते, जीभ गेली असेल तर पहिल्या दिवशी सांगा. करणाऱ्याचे कष्ट वाचतात.

तिची जागा शाळेने दुसऱ्या बाईंना दिली, ती परत मिळाली नाही. आता ती देवास रोडच्या एका शाळेत जाते, लांब पडतं आणि पद खालचं आहे. मंदार म्हणतो, होईल पुढे काहीतरी. होईलही. पण ते माझ्यामुळे गेलं हे त्याने बदलणार नाही.

हे सगळं लिहून मी केतकीला वाचायला दिलं, कारण यातलं जास्त तिचं आहे. ती स्वयंपाकघरात उभ्या उभ्या वाचत होती. एका ठिकाणी थांबली आणि कागद घेऊन माझ्याकडे आली.

"हे असं नाही झालं आई. भाभी गेल्यावर मी गप्प नव्हती. मी तुम्हाला खूप बोलली होती."

वर मी लिहिलं आहे की ती काही बोलली नाही, कपबशा विसळून खोलीत गेली. ते खोटं आहे. मी ते लिहिताना मला खोटं वाटलं नव्हतं, इतकं ते माझ्या सोयीचं होतं. गप्प राहणारी सून लिहायला बरी वाटते, वाचणाऱ्याला आवडते, आणि आपल्याला काय ऐकावं लागलं ते सांगायचं टळतं. दार लावून ती आत आली होती आणि माझ्या पलंगाच्या पायथ्याशी उभी राहून बोलली होती, आणि मी झोप आल्यासारखे डोळे मिटून घेतले होते.

ती म्हणाली होती, "नको होतं तर नको म्हणायचं होतं न आई. फेकून द्यायचं होतं. मी ती वही डॉक्टरला दाखवत होती. माझ्या अक्षरातली वही. तुम्हाला काही झालं असतं, तर लोक म्हणाले असते सुनेने उपाशी मारलं, आणि माझ्याजवळ माझ्याच हाताने लिहिलेलं खोटं असतं. मी जन्मभर हेच समजली असती की माझ्याकडूनच काही कमी पडलं. तुम्ही माझ्यासाठी हे मागे ठेवून जाणार होत्या. डोळे उघडा, आई. मला माहीत आहे तुम्ही जाग्या आहात."

मी डोळे उघडले नव्हते.

हे तिचं बोलणं आठवेल तसं लिहून मी तिला परत वाचायला दिलं. तिने एक शब्द वाढवला, "हेच समजली" च्या आधी "जन्मभर" घातलं. मग म्हणाली, "हां. असंच बोलली होती मी. आता ठीक आहे."